बांधलेला डावा हात

आरोग्यविद्येचा अधिपती भगवान धन्वंतरी आणि आमची कुलस्वामिनी जगदंबा यांना वंदन करून लिहावयास बसलो आहे. निमित्त असे की, माझी पत्नी कौसल्या आज पुन्हा देवघरात बसली. उजव्या हाताने फूल वाहता येईना, म्हणून तिने ते डाव्या हाताने वाहिले, आणि देवाने ते स्वीकारले असे मी मानतो. ज्यांच्या घरी असा आजार आला आहे किंवा पुढे येईल, त्यांच्यासाठी हे लिहितो. रुग्णालयाचे नाव मी घेणार नाही. माझा रोष एखाद्या इमारतीवर नाही.

"स्ट्रोक आहे," सी.टी. स्कॅनची फिल्म उजेडासमोर धरून भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितले. स्ट्रोक म्हणजे मेंदूला रक्त पोहोचविणाऱ्या वाहिनीत अडथळा येऊन मेंदूचा काही भाग निकामी होणे. आपल्याकडे त्यालाच लकवा मारला असे म्हणतात. तिचा उजवा हात आणि उजवा पाय गेला होता. वाचेविषयी ते म्हणाले, "याला अफेजिया म्हणतात. त्यांना समजतं सगळं, पण शब्द लवकर सापडत नाहीत. वेळ द्या."

हे वाक्य मी मनात जपून ठेवले. पुढे वॉर्डात ते कोणाच्याच लक्षात राहिले नाही, म्हणून आवर्जून सांगतो.

त्या सकाळी एकोडीच्या आमच्या घरी ती ओसरीवर तांदूळ निवडीत होती. सूप हातातून निसटले आणि तांदूळ अंगणापर्यंत पसरले. तिने ते गोळा केले नाहीत. नुसती त्यांच्याकडे पाहत राहिली. मी काय झाले म्हणून विचारले, तर तोंडात घास असावा तसे काहीतरी बोलली. ओठ एका बाजूला ओघळला होता. शेजाऱ्यांनी रुग्णवाहिका बोलावली. साकोलीला प्राथमिक उपचार झाले आणि तेथून आम्हाला भंडाऱ्यास पाठविण्यात आले. वाचकहो, तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर घरगुती उपाय करीत बसू नका. त्या घटकेला वाहनच सर्वांत मोठे औषध आहे.

तिला स्त्रियांच्या वॉर्डात ठेवले. तेथे पुरुष नातलगांना ठरलेल्या वेळीच प्रवेश असे. आम्हाला अपत्य नाही, त्यामुळे तिच्याजवळ बसणारे दुसरे कोणी नव्हते. मी दिवसभर बाहेरच्या बाकावर जप करीत बसे, आणि दार उघडले की आत जाई.

घशाच्या स्नायूंत शक्ती नव्हती म्हणून नाकातून पोटापर्यंत एक नळी घातली. तिला राइल्स ट्यूब म्हणतात. तिच्यावाटे पातळ अन्न आणि औषध देतात. ती आवश्यक होती, याविषयी माझे दुमत नाही. कौसल्येने मात्र ती पहिल्याच दिवशी ओढून काढली. दुसऱ्या दिवशी मी आत गेलो तो नळी पुन्हा घातलेली होती, आणि तिचा डावा हात पट्टीने खाटेच्या दांड्याला बांधलेला होता.

देहाची एकच बाजू चालत होती, आणि त्या बाजूचा हात बांधला होता.

मी परिचारिकेला विचारले. तिने कौसल्येकडे न पाहता मला सांगितले, "आजींना समजत नाही ना काकाजी. नळी काढतात. त्यांच्याच भल्यासाठी आहे." त्याच स्वरात तिने पुढे विचारले, "आजींना घरी रोज संडास साफ व्हायची का?" कौसल्या सर्व ऐकत होती. तिने मान भिंतीकडे वळविली.

तीन-चार दिवस हात तसाच राहिला, तेव्हा मी वॉर्डात रोज येणाऱ्या तरुण डॉक्टरांना गाठले. ते भले गृहस्थ होते, थकलेले होते, आणि वागण्यात उद्धटपणा नव्हता. ते म्हणाले, "पेशंट डिसओरिएंटेड आहे. म्हणजे भान नाही. मी रोज राउंडला तपासतो. पहिल्या दिवशी दोन प्रश्नांची उत्तरं दिली, तिसऱ्याला गप्प. आता तर मी आलो की डोळेच मिटून घेतात. भान आल्याशिवाय हात सोडता येणार नाही, आणि गिळण्याची तपासणीही करता येणार नाही. गरज पडली तर नळीसकट घरी न्या. घरीसुद्धा हात बांधूनच ठेवावा लागेल."

घरी नेऊन तिचा हात मी बांधायचा. 

त्या सायंकाळी भेटीच्या वेळेत मला तिच्या मौनाचे कारण कळले. शेजारच्या खाटेवर फुलाबाई नावाची वृद्धा होती. तिचे घराणे तलावात मासे धरणारे. तिला दम्याचा त्रास होता, पण जीभ पूर्ण निरोगी होती.

"महाराज, तुमची बायको बोलते बरं," ती म्हणाली. "सकारी मले म्हणे, पंखा... लय... हलते. खरंच हलते तो. ती त्या डाक्टरसंगच नाई बोलत."

"काहून?" मी विचारले.

"तो रोज तिले तुमचं नाव विचारते. चार बायकांत, वरून वार्डबॉय उभा. नवऱ्याचं नाव सांगा, नवऱ्याचं नाव सांगा. आयकू नाई आलं म्हणून अजून मोठ्यानं. सांगन का ती?"

"तुलाही विचारले होते का?"

"विचारलं ना. मी पण नाई सांगितलं. तर म्हणते, आजी, आठवत नाही का? म्या म्हणलं, आठवते बाबा. इतके वर्स भांडून राहिलो त्याच्यासंग, इसरून कुठी जाईन. माह्या नशिबानं मले दमा हाय, लकवा नाई. नाईतर माहाबी हात बांधला असता."

कौसल्येच्या ओठाची चांगली बाजू किंचित हलली. ती हसली होती.

आमच्या भागात तिच्या पिढीची स्त्री पतीचे नाव उच्चारीत नाही. उखाण्यात घेईल, तेही लग्नकार्यात. एरवी सरकारी कचेरीतसुद्धा शेजारणीला पुढे करून सांगविते. ही रीत योग्य की अयोग्य हा वाद येथे नको. पण विवाहापासून पाळलेला एक नियम ती लकव्यातही पाळीत होती, आणि हे भान नसलेल्या माणसाला साधत नाही.

दुसऱ्या दिवशी राउंडच्या वेळी मी दारातच डॉक्टरांना हे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. "काकाजी, हे ठरलेले प्रश्न आहेत. सगळ्यांना हेच विचारतो."

"मग तिचे माहेर कोणते ते विचारा. आज घरी असती तर काय रांधले असते ते विचारा."

"बघतो," ते म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले. हात तसाच राहिला. त्याच्या पुढच्या दिवशीही मी तेच सांगितले आणि तेच उत्तर घेऊन बाकावर परतलो. मनगटावर पट्टीचा वळ उमटला होता. माझा स्वभाव रागाचा नाही. परंतु त्या बाकावर माळ ओढताना माझे चित्त मंत्रावर ठरेना. मी जन्मभर पूजा सांगितली आहे. पाषाणाच्या मूर्तीला स्नान घालावयाचे तरी आधी आपण तिला तसे निवेदन करतो: देवा, हे स्नान, देवा, हे वस्त्र, देवा, हा नैवेद्य. न सांगता काहीही करीत नाही. आणि जिवंत स्त्रीच्या नाकातून पोटापर्यंत नळी घालताना कोणी तिला एक शब्द सांगितला नव्हता. बाहेर मला सांगितले, मी सही केली, एवढ्यावरच सर्व आटोपले.

वॉर्डाच्या प्रमुख, मोठ्या डॉक्टरीणबाई, इतके दिवस रजेवर होत्या; त्या आल्या तेव्हा मी त्यांच्या खोलीबाहेर उभा राहिलो आणि त्या बाहेर येताच हात जोडून म्हणालो, "आपण तिला बरे करा असे म्हणत नाही. फक्त तिला विचारा."

त्या आल्या. खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या. त्या तुमसरकडच्या असाव्यात. त्यांनी आमच्या बोलीत सुरुवात केली. "माय, ही नळी काहून टाकली, सांगू का तुमाले?"

कौसल्येने डोळे उघडले.

"घशात अजून ताकद नाई. पाणी पेलं तर फुफ्फुसात जाईन, निमोनिया होईन. म्हणून थोडे दिवस नळीनं. नंतर चमच्यानं पाहू. पण आंग तुमचं हाय. ठेवू का काढू, तुमी सांगा."

मी घाबरलो. 'काढा' म्हणाली तर काय, हा विचार मनात आला. क्षणभर वाटले, मध्ये पडून मीच उत्तर द्यावे. बाईंनी माझ्याकडे न पाहताच हाताने मला थांबविले. तरुण डॉक्टर घड्याळ पाहत होते. बाई वाट पाहत राहिल्या.

"राऊ... द्या," कौसल्या म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, एकेक अक्षर शोधून, "हात... सोडा."

बाईंनी स्वतः गाठ सोडली. सर्वांची नजर नळीवर होती. मोकळा झालेला हात नळीकडे गेलाच नाही. तिने चादरीचे टोक धरले, सावकाश वर ओढले आणि पदरासारखे डोक्यावर घेतले.

"पाहा, उगाच बांधला होता," फुलाबाई आपल्या खाटेवरून म्हणाली.

तरुण डॉक्टर मला म्हणाले, "सॉरी, काकाजी." मी म्हणालो, "मला नव्हे." त्यांच्या ध्यानात आले. ते वाकून म्हणाले, "आजी, उद्यापासून दुसरं विचारीन." ती म्हणाली, "विचार... बापा."

त्यानंतर तिने नळीला एकदाही हात लावला नाही. गिळण्याची तपासणी झाली. काही दिवसांनी नळी निघाली आणि तिने पातळ पेज चमच्याने घेतली. व्यायाम अजून चालू आहे. उजवा हात येईल की नाही, सांगता येत नाही.

सुखान्त म्हणून हे वाचू नका. आम्ही निघालो त्या दिवशी आमच्या खाटेवर एक नवी वृद्धा आली होती, आणि दुसरे कोणी डॉक्टर तिला उंच आवाजात विचारीत होते, "नवऱ्याचं नाव काय?" मी परत फिरून त्यांना सांगितले. त्यांनी हातातले काम न थांबविता मान डोलावली. तिचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही. हे शल्य अद्याप जात नाही.

म्हणून विनंती करतो. रुग्णसेवा करणाऱ्यांनो, आपले श्रम मोठे आहेत, मी ते पाहिले आहेत. पण उत्तर मिळाले नाही तर प्रश्न बदलून पाहा. आणि सोबत्यांनो, आपला माणूस कोणाशी बोलतो आणि कोणाशी मौन धरतो, हे शेजारच्या खाटेला विचारा. डॉक्टरांनी तुम्हाला विचारले, तर नम्रतेने म्हणा, 'तिलाच विचारा.' उत्तरास उशीर लागेल. तो लागू द्या. मलाही ते अवघड गेले, कारण त्या क्षणी तिचे उत्तर मीच देऊन टाकणार होतो.

वाचकहो, आपल्या घरात आरोग्य नांदो, अन्नपूर्णेची कृपा राहो, मुलाबाळांस दीर्घ आयुष्य लाभो. आणि दैवयोगाने कोणाला अंथरूण धरावे लागलेच, तर आधी विचारून मग स्पर्श करणारे हात आणि उत्तर येईपर्यंत थांबणारे मन आपल्या दारी येवो. जगदंबा आपले आणि आपल्या कुटुंबाचे रक्षण करो.