इंटरनॅशनल शाळेचं स्वयंपाकघर

कुलपात चावी मोडली ती मीच. "मावशी, तुम्ही कशाला, मी उघडतो," म्हणत जिजाबाईंच्या हातून चावी घेतली, जोर लावला, आणि अर्धी चावी माझ्या हातात, अर्धी कुलपात.

जिजाबाईंनी आधी कुलपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काहून गा भाऊ, कुलूप उघडून राह्यले होते का हापसा मारून राह्यले होते?"

अकराला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. मी गावच्या शाळेचा मास्तर; माझी पोरं दोन वर्षं टिनाच्या शेडमध्ये शिकत कमी आणि शिजत जास्त होती. साहेबांना ही इमारत पटली तर शाळा इथे भरणार. नाहीतर इमारत सिमेंटच्या गोदामाला जाणार. आणि पावणेअकरा वाजलेले.

कन्हानकडच्या या इमारतीत पूर्वी इंटरनॅशनल शाळा होती. नाव मोठं, मुलं तेवीस. वीज प्रकल्प उभारायला आलेल्या जर्मन आणि कोरियन इंजिनिअरांची. जिजाबाई तिथल्या स्वयंपाकीण. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मुलांना मराठी. सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, मात्र सगळ्यांना समजत होती. आठ वर्षांनी प्रकल्प पुरा झाला, कुटुंबं विमानात बसली, चावी जिजाबाईंकडे राहिली. गेली बारा वर्षं त्या दर सोमवारी येऊन स्वयंपाकघर झाडतात. कोणी सांगितलेलं नाही.

"मांगं या," म्हणत त्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेल्या आणि एक गज उचलून सरळ बाहेर काढला. मधल्या सुटीत पोरं इथूनच आत हात घालून वड्या पळवत. जिजाबाई पाठ फिरवून भांडी घासत. ताट मात्र रोज खिडकीशीच ठेवत.

मी आत शिरू गेलो. पोटाने नकार दिला.

"सरका तिकडे." बासष्ट वर्षांच्या सडपातळ जिजाबाईंनी पदर खोचला, पालथ्या बादलीवर पाय दिला आणि आत उतरल्या. मागच्या दाराची कडी काढली, तर सरपंच शोभाताई साहेबांना घेऊन समोर हजर!

त्यामुळे साहेबांना सगळ्यात आधी दिसलं ते स्वयंपाकघर. लखलखीत ओटा, मांडणीवर तेवीस छोटी ताटं.

"साहेब, वर्ग तिकडे हायेत," शोभाताई म्हणाल्या.

"येतो. आधी इथं पोरांचं जेवण कोण करणार ते सांगा."

शोभाताईंनी नुसतं जिजाबाईंकडे बोट केलं. वर्ग बघून साहेबांनी तिथेच होकार लिहिला. सोमवारपासून शाळा.

झाल्या प्रकाराची भरपाई म्हणून मी हळूच विचारलं, "मावशी, वेल्डर आणून तो गज पक्का बसवून देऊ का?"

"राहू द्या ढिलाच, लेकरं येऊन राह्यली."