बघ्यांपैकी एक

जेवण झालंय. स्टुडिओचं शटर अर्धं खाली ओढून मी पडद्यामागे चटईवर आडवा झालोय. पंख्याची घरघर ऐकत डोळे मिटतो. बाहेर मिरजेची दुपार आहे. रिक्षाचा एक हॉर्न रस्त्यावर वाजतो, दुसरा विहिरीत वाजल्यासारखा येतो. हात जड होतात. अजून जागाच आहे असं मला वाटतंय, तेवढ्यात पडद्यापलीकडचं स्टूल करकरतं.

गिऱ्हाईक असणार. पासपोर्टचा फोटो हवा असेल.

"चार वाजता या," मी पडल्या पडल्या सांगतो.

"चारला मी कुठला असतोय इथं, दिगू?"

आवाज ओळखून मी उठतो, पडदा सारतो. स्टुलावर बशीरमामू बसलेत. बशीर शिकलगार. अंगात तोच चार खिशांचा खाकी शर्ट. त्यांना जाऊन अकरा महिने झाले हे मला पक्कं ठाऊक आहे, जनाज्याला मी खांदा दिलाय. तरी तोंडातून भलतंच निघतं.

"जेवलात?"

"नाही अजून. काम राहिलंय."

मामूंनी तीस-बत्तीस वर्षं सांगली-मिरजेकडच्या बातम्यांचे फोटो काढले. कुणाच्या पगारावर नव्हते. कुठं काही घडलं की एम-एटीला किक मारून निघायचे, फोटो काढायचे, अंधार पडायच्या आत पेपरच्या ऑफिसात पोचवायचे. छापला तर मानधन. मी त्यांच्याकडंच शिकलो आणि पुढं वीस वर्षं तेच केलं. मग मोबाइल आले. मानधन आधी आटलं, मग 'मानधन जमणार नाही, नाव छापतो' सुरू झालं, मग नावही गेलं. फोटोखाली 'वाचकाने पाठवलेले छायाचित्र' असं यायला लागलं. मी स्टुडिओ टाकला. बारसं, मुंज, टोपलीत झोपवलेली बाळं. मामू मात्र जात राहिले. का जाता म्हणून विचारलं तर हसायचे आणि किक मारायचे.

आता ते खिशातून एक कात्रण काढून माझ्यापुढं धरतात.

"वाच."

वाचायची गरज नाही, पाठ आहे. हळदीच्या गोदामाला आग, दोन हमालांचा गुदमरून मृत्यू. आणि अगदी शेवटी एक ओळ. भिंत कोसळून बघ्यांपैकी एक वृद्धही ठार.

ज्या पेपरला त्यांनी निम्मं आयुष्य फोटो दिले, त्याच पेपरातली ही ओळ.

"एवढं बदलून आण," मामू म्हणतात. "बाकी मला काही नको."

"मी दुसऱ्या दिवशी फोन केला होता, मामू. ते म्हणाले, आमच्याकडं नोकरीला नव्हते. छायाचित्रकार लिहिलं तर उद्या आमच्याच अंगावर येईल."

"मग?"

"मग मी फोन ठेवला."

मामू नुसते शटरकडं बघतात. मी वाकून शटरखालून बाहेर पडतो, आणि ताठ होतो तेव्हा पेपरच्या ऑफिसात उभा असतो. कुठल्याच टेबलाशी माणूस नाही. टेबलाटेबलावर मोबाइल ठेवलेत आणि ते एकसारखे थरथरताहेत. एका थरथरीला एक फोटो येतोय. फक्त शेवटच्या टेबलाशी पेपरचं पान लावणारा बसलाय, माझ्याकडं पाठ करून.

"एकच शब्द बदलायचाय," मी म्हणतो.

तो बोटांवर मोजतो. "बघ्या. दोन अक्षरं. छायाचित्रकार. सहा. जागा नाही."

"एक ओळ वाढवा."

"ओळ वाढवली की जाहिरात सरकते." तो मान वळवत नाही. "त्या दिवशी सकाळी आम्ही तुम्हालाच फोन केला होता की. गोदामाला आग लागलीय, फोटो पाठवा म्हणून. तुम्ही काय म्हणालात?"

मी काय म्हणालो ते मला आठवतं. तिथं रस्त्यावर पन्नास मोबाइल असतील, त्यातला एखादा फोटो घ्या मागून, असं म्हणालो होतो. तसं म्हणून बरंही वाटलं होतं.

"घेतला मागून," तो म्हणतो आणि दिवा मालवतो.

अंधारात लाल बल्ब लागतो. मी मामूंच्या स्वयंपाकघरात आहे. खिडकीला घोंगडं लावलंय, ओट्यावर तीन ट्रे. मी फोटो धुवायला शिकलो ते इथंच, भाकरी थापून झाल्या की मामी ओटा रिकामा करून द्यायच्या. मामू चिमट्यानं ट्रेमधला कागद हलवताहेत. कागद पांढराच आहे.

"वर येईना," ते म्हणतात.

"काय आहे त्यात?"

"कुलूप."

"कसलं?"

"गोदामाच्या मागच्या दाराचं. बाहेरून लावलेलं होतं. हमाल आत. सगळी माणसं लांब रस्त्यावरून जाळाचे फोटो काढत होती. जाळ चांगला दिसतो ना. दाराजवळ कुणी आलंच नाही."

मालकानं पोलिसांना सांगितलं होतं, मागचं दार उघडंच होतं, हमाल बाहेर का आले नाहीत देव जाणे. आग विझेपर्यंत दार जळून त्यावर भिंत पडली होती. कुलूप होतं की नव्हतं, हे सांगणारं काही उरलं नव्हतं. मामूंचा कॅमेराही त्याच भिंतीखाली गेला.

"तुम्ही मला फोन केला होता," मी म्हणतो.

ते चिमटा हलवत राहतात. मीच बोलत जातो.

"टोपलीत बाळ झोपवलं होतं. त्याची आई बाजूला उभी. मोबाइलवर तुमचं नाव दिसलं. वाटलं, तुम्ही चल म्हणणार. मला यायचं नव्हतं मामू. मी मोबाइल पालथा घातला."

"हं."

"कशाला केला होता?"

"तुझी लांबची लेन्स पाहिजे होती," मामू म्हणतात. "माझीत बुरशी झाली. ती असती तर रस्त्याकडंच्या बाभळीपासून कुलूप आलं असतं. परत जवळ जायला लागलं नसतं."

लेन्स त्या दिवशी कपाटात होती. माझ्या स्टुडिओपासून ते गोदाम गाडीवर दहा मिनिटं.

ओटा धरून मी विचारतो, "राग आहे का?"

"राग कसला त्यात? लेन्स पाहिजे होती." भाजीत मीठ पाहिजे होतं, असं म्हणावं तसं ते म्हणतात. यापेक्षा त्यांनी कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं.

पायाखालची फरशी तापते. घोंगड्याच्या कडेनं पिवळट धूर आत यायला लागतो, हळदीचा, घसा धरणारा. मी घोंगडं ओढतो तर खिडकी नाहीच. समोर गोदामाची मागची बाजू आहे, वर काळी पडलेली उंच भिंत आणि तिच्यात फुगवटा. पाठीमागं, लांब रस्त्यावर, माणसांची रांग. प्रत्येकाचा हात वर, हातात मोबाइल. त्यांनी काढलेले व्हिडिओ मी बघितलेत, त्या संध्याकाळी चार ग्रुपवरून मला तेच आले होते. सगळ्यांत मामू पाठमोरे आहेत. एक वाकलेला खाकी शर्ट भिंतीकडं चालत जातो, मग धुरळा. कुणी म्हणत नाही, अरे हा बशीर.

आणि आता मामू माझ्या समोर आहेत, तोंड माझ्याकडं करून. त्या दिवशीचा त्यांचा चेहरा मला पहिल्यांदाच दिसतोय. घामानं डबडबलाय. माझ्या हातात कॅमेरा आहे. मी तो उचलतो.

"माझा नको," मामू हात आडवा करतात. "माझे पुष्कळ निघाले. कुलपाचा काढ."

मी वळतो. दाराला साखळी आहे, साखळीत कुलूप, आणि साखळी हलतेय. आतून कुणीतरी दार ढकलतंय.

"मामू, फोडूया! दगड बघा!"

"मारला दगड. दहादा मारला. किल्ली मालकाकडं." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चिरकतो. "फुटलं असतं तर फोटो कशाला काढला असता रे?"

मी डोळा लावतो. कुलूप हलतंय, काहीच स्पष्ट दिसत नाही. मी कॅमेरा तोंडावर आणखी दाबतो.

"श्वास सोड," मागून मामू सांगतात. "सगळा सोड. मग दाब."

मी श्वास सोडतो. कुलूप लख्ख येतं. किल्लीच्या भोकाशी चढलेला गंज, आणि कडेला दगडानं उमटलेले पांढरे ओरखडे, एकावर एक. मी दाबतो. पुन्हा दाबतो. तिसऱ्या वेळी साखळी हलायची थांबलेली असते.

"मामू," मी डोळा न काढता म्हणतो, "आलं. कुलूप आलं."

मी आणखी एकदा दाबतो.

"मामू?"

मागून फक्त रस्त्यावरची माणसं ऐकू येतात, खूप लांबून.

"अरे, ते म्हातारं कुठं चाललंय?"

"जाऊ दे. तू बंद करू नको, चालू ठेव."

ते माझ्याबद्दल बोलताहेत. माझी पाठ आता त्यांच्या मोबाइलमध्ये आहे. मला ओरडून नाव सांगायचंय, दिगंबर कोष्टी, मिरज, फोटोग्राफर. पण घशात हळद बसलीय. डोक्यावर भिंतीतून वाळू गळायला लागते.

"अहो! अहो, उठा!"

शैला माझा खांदा हलवतेय. माझी बायको, दुपारचा चहा घेऊन ती रोज घरून येते. शटर तिनं पूर्ण वर केलंय आणि उजेड चटईपर्यंत आलाय.

"केवढ्यांदा ओरडत होतात. शेजारच्या मेडिकलवाल्यानं डोकावून बघितलं." ती थर्मास खाली ठेवते, माझ्याकडं बघते आणि जवळ येते. "डोळ्याला काय झालं?"

"कुठं?"

"उजव्या. आरशात बघा."

गिऱ्हाईक केस विंचरतात त्या आरशासमोर मी जाऊन उभा राहतो. उजव्या डोळ्याभोवती वळ उठलाय. भुवईवरून नाकाच्या कडेनं खाली, गालाच्या हाडावरून परत वर. चौकोनी, कोपरे गोल झालेला, लालभडक. दिवसभर व्ह्यूफाइंडरला डोळा लावून काम केलं की त्याच्या रबराचा असा वळ उठतो. हा सवयीचा आहे. पण स्टुडिओत मी मागच्या स्क्रीनवर बघूनच फोटो काढतो. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून मला चार-पाच वर्षं झाली असतील.

"चटईचा असेल," शैला म्हणते.

चटईचा वळ पट्ट्यापट्ट्यांचा असतो.

"दुखतंय का?"

मी बोट टेकवतो. खाच खोल आहे. बोटाचं टोक तिच्यातून सरकत डोळ्याभोवती पुरं फिरतं आणि जिथून निघालं तिथं परत येतं.