वहिनींनी उलटं वाचलेलं पुस्तक

शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनींचे यजमान वारल्यापासून एकदम देवमाणूस झाले होते. त्यांनी कधी आवाज चढवला नाही म्हणे! भिंतीला भिंत लावून राहणारे आम्ही मात्र गप्प.

परवा वहिनींच्या भाचीने त्यांना छोटीशी जपानी चित्रकथा दिली. त्यातल्या विधवेच्या आठवणीत नवरा पानागणिक देखणा होत जातो. पुस्तक उजवीकडून वाचायचं. वहिनींनी सवयीने डावीकडून वाचलं. त्यामुळे देखणा नवरा शेवटी टकलू, चिडका झाला.

"मावशी, उलटं वाचलंस गं!" माझ्यासमोरच भाची खिदळली.

वहिनींच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. "अगं, वर्षभर यांचा खरा चेहराच आठवत नव्हता. आत्ता आठवला. माझ्या सुईत दोरा ओवून द्यायला बसायचे आणि ओवला गेला नाही की माझ्यावरच खेकसायचे!"

"आणि घोरायचे!" माझं तोंड सुटलंच.

"घोरायचे ना!" वहिनी डोळे पुसत, कौतुकाने म्हणाल्या.