ग्रीस सुकलंय, जोर लाव

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, मुलीला नाही. देवासमोर कबूल करावं, तर त्याच्याशी माझं तसं बोलणं नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगते. बुऱ्हाणपुरात जे मला ओळखतात ते मला चांगली बाई समजतात. मूर्ख आहेत.

कुठून सुरू करू? लेन्सपासूनच करते. माणसांपेक्षा तिच्याबद्दल बोलणं सोपं आहे.

आमच्या नानांचा, म्हणजे वडिलांचा, गावातल्या शनवारा भागात फोटो स्टुडिओ होता. नवरा-नवरीच्या जोड्या, परीक्षेच्या फॉर्मचे पासपोर्ट, वारलेल्या म्हाताऱ्यांचे मोठे करून हातानं रंगवलेले चेहरे — असलंच सगळं. पण नानांकडे एक जर्मन लेन्स होती. पितळेची, वरून चांदीसारखा मुलामा. काम झालं की तिची नळी जराशी फिरवून आत ढकलायची. ती कॅमेऱ्याच्या पोटात शिरायची आणि कॅमेरा कोटाच्या खिशात मावायचा. फोटो काढताना पुन्हा बाहेर ओढायची आणि फिरवून पक्की करायची. विसरलात तर सगळे फोटो धूसर. आणि त्या जातीच्या कॅमेऱ्यात लेन्समधून दिसत नाही, बाजूच्या वेगळ्या खिडकीतून बघायचं असतं. त्यामुळे आपलं चुकतंय हे कळतही नाही. शाळेत असल्यापासून हे मला पाठ होतं. माझ्या धाकट्या भावाला, विनयला, नव्हतं.

कसं असणार? लहानपणी त्याच्या हातून नानांचा एक फ्लॅश पडून फुटला. तेव्हापासून नानांचं वाक्य ठरलेलं — "विन्याच्या हातात काच देऊ नका रे!" पाहुण्यांसमोर म्हणायचे, गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे. सगळे हसायचे. विनयही हसायचा. त्याच्या त्या हसण्याचीच मला किळस यायची. अपमान झाल्यावर दात काढणाऱ्या माणसाची मला कधी दया आली नाही. तुम्हाला येते? मग तुम्ही माझ्यापेक्षा बरे आहात — किंवा तसं दाखवता.

स्टुडिओत नानांच्या शेजारी मी बसले. रसायनांनी बोटं माझी पिवळी पडली. आणि नाना गेल्यावर लेन्स कुणाला मिळाली? विनयला. आईजवळ त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं — मुलाकडे राहू दे, मुलगी परक्या घरची. परकं घर! माझं सासर स्टुडिओपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे. पण हे मी माझी बाजू म्हणून सांगत नाही. राग नानांवर होता ना? मग नानांना बोलायचं होतं, ते जिवंत असताना. तेवढी छाती नव्हती.

विनय केळीचा व्यापार करतो. फोपनारकडचा माल उचलायचा, ट्रक भरून वर दिल्लीकडे पाठवायचा. लेन्स बरीच वर्षं त्याच्या कपाटात रुमालात गुंडाळून पडली होती. मग पन्नाशी जवळ आली आणि साहेबांना छंद सुचला. या वयात लोकांना काहीतरी सुचतंच — कुणी तबला आणतं, कुणी योगासनांची चटई. यानं त्याच जुन्या जातीचा, पण डिजिटल, कॅमेरा मागवला. महागडा. आणि खोकं न फोडता आधी माझ्या घरी घेऊन आला.

"ताई, नानांची लेन्स यावर बसेल का गं? तू जरा पाहून सांग. आपल्याला तर यातलं काहीच समजत नाही. भरोसा तुझाच."

मी पाहिलं. दुपारभर मोबाइलवर वाचत बसले. अशा जुन्या लेन्सा वापरणाऱ्यांनी देशोदेशींहून स्वच्छ लिहून ठेवलं होतं — लेन्स बसते, फोटो उत्तम येतात, पण डिजिटल कॅमेऱ्यावर नळी आत ढकलू नका. जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यात पोट रिकामं असायचं, नव्यात तिथे बरंच काही बसवलेलं असतं. काही लेन्सा आत गेल्या तरी चालतं, काहींची नळी जास्त खोल जाते. आधी मोजून घ्या, खात्री नसेल तर बाहेरच राहू द्या. नाहीतर शटरची पाती वाकलीच म्हणून समजा.

संध्याकाळी त्याचा फोन आला. मी म्हणाले, "बसते."

एवढंच. खोटं होतं का? नाही, बसतेच ती. या एका शब्दावर मी कितीतरी दिवस स्वतःला पतिव्रता समजत होते — मी खोटं बोलले नाही, मी फक्त सगळं बोलले नाही. असल्या हिशेबी सत्याची मला आता शिसारी येते.

पुढच्या रविवारी सकाळी तो मला राजघाटावर घेऊन गेला. तापीला पाणी कमी होतं. नदीतल्या दगडी हत्तीजवळ म्हशी डुंबत होत्या, पलीकडे किल्ल्याची भिंत. विनयनं सगळ्याचे फोटो काढले. म्हशींचे, कपडे धुणाऱ्या बायकांचे, माझे. प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा मागून बघायचा आणि मला दाखवायचा. आणि सांगू का? फोटो चांगले होते. माझा एक तर फारच चांगला होता. बाईच्या चेहऱ्यावरचा कडवटपणा त्यात असा आला होता, जसा मला आरशात कधी दिसला नव्हता. नानांनासुद्धा असा फोटो जमला नसता. हे मला कळलं, त्याला नाही. तो आपला विचारत राहिला — "ठीक आहे ना, ताई? एकदम बेकार तर नाही ना?"

"ठीक आहे," मी म्हणाले.

मग निघायची वेळ झाली. कॅमेरा पिशवीत घालायचा होता आणि लेन्स पुढे आलेली. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"नाना असं फिरवून आत ढकलायचे ना?"

इथे मी थांबते. कारण इथपर्यंत सांगायला मला फारसं जड गेलं नाही, आणि इथपर्यंत तुम्हीही म्हणाल — बाई विसरली असेल. विसरले नव्हते. वाचलेली ओळ डोळ्यांसमोर होती.

"हो," मी म्हणाले. "ढकल की."

त्यानं नळी फिरवली, ढकलली. ती अर्धी गेली आणि अडली. विनय थांबला. त्याचा हात मुळात हलका आहे — धांदरट तो कधीच नव्हता, लहानपणी एकदा एक वस्तू पडली, एवढंच. तो म्हणाला, "ताई, अडकून राहिलंय काहीतरी. राहू देऊ का?"

राहू दे म्हणायला किती वेळ लागतो?

"ग्रीस सुकलंय," मी म्हणाले. "जुनी आहे ती. जोर लाव."

त्यानं जोर लावला. चुरगळल्यासारखा बारीक आवाज आला. त्यानं घाबरून लेन्स बाहेर ओढली, बटण दाबलं. आत काहीतरी खरखरलं आणि मागचा पडदा काळा झाला. पुन्हा दाबलं, काळाच. त्याचं तोंड लहान मुलासारखं झालं होतं. पन्नाशीचा माणूस, पोट सुटलेला, आणि बटण दाबत राहिलाय. मला त्याक्षणी काय वाटलं? बरं वाटलं. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. आणि तेवढ्यानं माझं भागलं नाही.

"नाना म्हणायचेच ना," मी हसून म्हणाले, "विन्याच्या हातात काच देऊ नका."

तो हसला. नेहमीसारखाच.

कॅमेरा इंदूरला दाखवला. शटरची पाती वाकली होती, दुरुस्त होण्यासारखी होती. विनयनं करून घेतली नाही. "कशाला? परत मीच तोडीन," म्हणाला. त्या दिवाळीत भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं, तेव्हा त्यानं ताटात रुमालात गुंडाळलेली लेन्स ठेवली. "ताई, ही तुझीच होती. नानांचं चुकलं. माझ्याकडे राहिली तर बरबाद होईल." त्याची बायको शेजारी उभी होती, माझी मुलगी उभी होती, दोघींच्या डोळ्यांत पाणी. मी त्याच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि ओवाळणी उचलली. नको म्हणायचं नाटकसुद्धा केलं नाही.

शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी स्वतः तसलाच डिजिटल कॅमेरा घेतला. यंत्रमागांवरचे लोक, केळीच्या वखारी, किल्ल्याची भिंत — माझे फोटो लोकांना आवडतात. नेपानगरला एका सभागृहात प्रदर्शन भरलं. उद्घाटनाला आलेले एक साहेब भाषणात म्हणाले की वडिलांचा आशीर्वाद या लेन्समधून मुलीच्या फोटोंत उतरला आहे. टाळ्या पडल्या. त्या माणसाला लेन्स आणि लोटा यातला फरक कळत नसावा. पण मी मान लववली. विनय मागच्या रांगेत होता. सगळ्यात जास्त टाळ्या त्याच्या. घरच्या समारंभात कुणी मोबाइल पुढे केला, "काका, आमचा एक फोटो काढा ना," तर तो दोन पावलं मागे सरतो. "मी नको रे. आत्याला सांगा." सगळे हसतात.

आता गेल्या आठवड्याचं सांगते, कारण खरं सांगायचं आहे ते हेच. राजघाटावरचं जुनं झालं. त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली म्हणून मी स्वतःला थोडं थोडं माफ करू लागले होते. दुपारी विनय मावा जलेबी घेऊन आला. कॅमेरा टेबलावर होता. मी चहा टाकून बाहेर आले, तर तो वाकून लेन्सकडे बघत होता. हात मागे बांधलेले.

"घे ना हातात," मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे.

त्यानं कपाळाचा घाम पुसला, हात पुसले आणि लेन्स लावलेला कॅमेरा उचलला. नळीभोवती मी काळ्या चिकटपट्टीचे वेढे दिले आहेत — नळी चुकूनसुद्धा आत जाऊ नये म्हणून. असे वेढे दिले की धोका राहत नाही. तेही मी त्याच दुपारी वाचलं होतं, त्यानं विचारलं होतं त्या दुपारी. त्याचं बोट त्या पट्टीवर थांबलं.

"ताई, ही पट्टी कशाला गं?"

वर बघून विचारलं त्यानं. डोळ्यांत संशय नव्हता. असता तर मी सांगितलं असतं का? नसतं. पण संशय नव्हताच. साधं कुतूहल होतं, कधीकाळी हे शिकावंसं वाटलेल्या माणसाचं. घरात आम्ही दोघंच होतो. तो माझा भाऊ आहे, त्यानं मला मारलं नसतं, कुणाला सांगितलंही नसतं. बहुतेक तो हसलाच असता.

"पकड चांगली बसते," मी म्हणाले. "बोटं घसरत नाहीत."

"अच्छा," तो म्हणाला. मग कॅमेरा त्यानं जपून, दोन्ही हातांनी, माझ्याकडे परत दिला आणि म्हणाला, "तुझं बरं आहे, ताई. तुला सगळं समजतं."

चहा उतू गेला होता. मी आत गेले.