आईच्या बोटातली अंगठी

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे.

गोष्ट अंगठीची. आमच्या साखरपुड्याची. सराफ्यात नव्या अंगठ्या बघत होतो, पण नजर गेली ती मोडीत आलेल्या दागिन्यांच्या डबीत. साडेतीन ग्रॅम, मध्ये बारीक लाल खडा, आतली कड झिजलेली. सराफ म्हणाला, ही आटवायची आहे. मी म्हणालो, आटवू नका. मजुरी वाचत होती, हे एक. आणि ती खरंच सुंदर होती. आधी कुणाच्या बोटात असेल, हे मी विचारलं नाही.

साखरपुडा लासूर स्टेशनला, सुमनच्या घरी. तिच्या मावशींनी अंगठी उलटसुलट केली.

"जुनी दिसती की, जावईबापू. कुणाची हाय? परक्याचं सोनं आटवल्याबिगर घालत नसत्यात आमच्यात."

आमच्यातही घालत नाहीत. मला माहीत होतं. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या — आणि मी म्हणालो, "आईची."

आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. जन्मभर गंगापूरच्या रानात खुरपं धरलेल्या तिच्या बोटांत कधी अंगठी नव्हती. शेजारी बसलेल्या वडिलांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. ते वारेपर्यंत त्यावर कधी बोलले नाहीत. सुमननं अंगठी डोळ्यांना लावली, मग बोटात घातली.

तिनं ती पुढं कधी काढली नाही. एवढंच असतं तर —

पुंडलिकनगरला राहायला आल्यावर एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना तिला गांधीलमाशी चावली. त्याच बोटाला. तासाभरात बोट टम्म फुगलं, अंगठी आत रुतली. डॉक्टर म्हणाले, आत्ताच्या आत्ता कापावी लागेल. सुमननं मूठ आवळली.

"नाय. सासूबाईंची हाय ती. उतरंल सूज."

"तुम्ही तरी सांगा हो," डॉक्टर मला म्हणाले.

काय सांगायचं होतं? 'ती आईची नाही.' तीन शब्द. मी म्हणालो, "थोडं थांबून बघू." दुपार गेली. संध्याकाळी बोट काळंनिळं पडलं, तेव्हा कापलीच. तोवर पुढच्या दोन पेरांतली जाणीव गेली होती. ती परत आली नाही.

अंगठी मी सांधून आणली. सुमननं ती डब्यात जपून ठेवली. त्या बोटानं ती आता तव्यावरची भाकरी उलटते. "चटकाच बसत नाय, बरंच झालं की," म्हणून हसते. मी समोर जेवत असतो. मला काय वाटतं? खरं सांगू — आता काहीच वाटत नाही. ताटातलं संपवतो, उठतो.

गेल्या महिन्यात मुलाचं ठरलं. सुमन म्हणाली, नवी कशाला, आईंचीच घालू. मी हो म्हणालो. पॉलिश करायला मीच घेऊन गेलो.

परवा साखरपुडा झाला. कुणीतरी विचारलं, जुनी आहे का. सुमननंच सांगितलं कुणाची ते.  होणाऱ्या सुनेनं अंगठी डोळ्यांना लावली.

मी वडिलांसारखीच मान खाली घातली.