मायच्या हाताला मुंग्या

सिलिकॉन हा शब्द कुणी माझ्यासमोर काढला की अजून माझं डोकं फिरतं. त्या दिवसांत आमच्या बोरी गावातला जो तो फाटकातून आत यायचा, अंगणात उभ्या असलेल्या चाकांवरच्या खोलीकडं बघायचा आणि काही न विचारता सांगायचा, "सर, सिलिकॉन मारा." गळतंय कुठून ते माहीत नाही, पाणी कोणत्या बाजूनं येतंय ते बघायचं नाही, पण सिलिकॉन मारा! अरे, डॉक्टरसुद्धा आधी जीभ तरी बघतो की!

ही चाकांवरची खोली म्हणजे जीपच्या मागं जोडायचा ट्रेलर. आत एक पलंग, हातभर ओटा आणि कोपऱ्यात बसायचा संडास. पुण्याच्या एका नवराबायकोनं जंगलात हिंडायला म्हणून हौसेनं बनवून घेतला होता. त्यांची हौस फिटली आणि तो माझ्या दारात आला. देताना त्या गृहस्थानं सांगितलं, "काका, हा ऑफ-रोड आहे. रस्ता नसला तरी चालतो." म्हटलं, मग हा मूळचा आमच्याच भागातला दिसतोय.

घेतला तो मायसाठी. सहा वर्षांपूर्वी तिचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून तिला अर्ध्या तासाच्या वर बसवत नाही आणि गर्दीत तर उभंच राहवत नाही. त्याआधी दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीला जायचं तिनं चुकवलं नव्हतं. कधी ट्रकमध्ये उभी राहून गेली, कधी रेल्वेत संडासाच्या दाराला टेकून. ही सहा वर्षं मात्र दसऱ्याला पांढरं लुगडं नेसून दारातल्या खाटेवर पडून राहायची आणि रस्त्यानं जाणाऱ्याला विचारायची, "गेले का रे समदे?" मला ते बघवत नव्हतं. जीपच्या मागच्या सीटवर तिला आडवं करायचं, तासातासाला थांबून ट्रेलरच्या पलंगावर पाठ टेकू द्यायची, संडास सोबत, नागपुरातही तिनं त्यातच राहायचं, असा माझा बेत होता. मायनं तो ऐकला आणि दुसऱ्याच दिवशी लुगडं धुऊन, घडी करून उशाखाली ठेवलं. दसऱ्याला तेव्हा महिना होता.

ट्रेलरला बॅटरीवर दोन दिवे होते, पण घरची लाईट जोडायची सोय नव्हती. पंख्याशिवाय मायला झोप येत नाही. म्हणून मी गावातल्या एका वायरमनला बोलावलं. त्याचं काम ट्रॅक्टरच्या वायरिंगचं. चाळिशीचा माणूस, हाताला वेग, तोंडाला त्याहून जास्त. त्याला बोलावायचं खरं कारण म्हणजे तो माझा विद्यार्थी. तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. आपल्या हाताखालनं गेलेला माणूस आहे, काम चोख करील, असा मला भरवसा होता. त्यानं अर्ध्या दिवसात पंखा, दिवा, बटणं सगळं लावून दिलं. घरातून आणलेली वायर त्यानं ट्रेलरच्या टपावरून आत घेतली. म्हटलं, वरून कशाला? तर म्हणाला, "सर, खालून घेतली तर उंदरं खातेत." मला ते पटलं. आमच्याकडं उंदरांनी ट्रॅक्टरची काय, जीपचीही वायरिंग सोडलेली नाही.

सवय व्हावी म्हणून माय अंगणातच ट्रेलरमध्ये झोपायला लागली. चार दिवस झाले आणि पाऊस आला. सकाळी बघतो तर तिच्या उशाजवळची भिंत ओली, गादीचा कोपरा भिजलेला.

मग काय, माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. पुण्याला फोन लावला. ते गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडे कधीच गळला नाही." म्हटलं, तुमच्याकडं पाऊस आडवा येतो का उभा? त्यांनी फोन ठेवला. मग वायरमनला झापलं. तो म्हणाला, "सर, माझं काम लाईटीचं, पाण्याचं न्हाई." मग शेजारी आले, पाहुणे आले आणि सिलिकॉनचा जप सुरू झाला. शेवटी बेजार होऊन मीही खिडकीच्या कडेनं दोन नळ्या सिलिकॉन मारलं. पुढच्या पावसात पाणी पुन्हा तिथंच! तळपायाची आग मस्तकात गेली. मी असा ओरडलो की समोरच्या घरातली म्हैस दावं तोडायला लागली, असं बायको अजून सगळ्यांना सांगते.

त्याच दिवसांत मायनं एक नवीनच सुरू केलं. सकाळी ट्रेलरमधून उतरली की हात झटकायची. "लेकरा, हाताला मुंग्या यायलेत रे."

मी तेव्हा खिडकीखाली पालथा पडून बघत होतो. म्हटलं, "शुगर असंल."

"आजवर तर नव्हती."

"आजवर वयही एवढं नव्हतं, माय."

आणि तिथल्या तिथं मी तिचा गोड चहा बंद केला. मायला चहा म्हणजे अर्धी साखर आणि अर्धा चहा लागतो. बिनसाखरेचा पहिला घोट तिनं घेतला आणि बशीकडं अशी बघत राहिली, जणू कुणी तिच्या घरात शिरून काही चोरून नेलंय. दुसऱ्या दिवशी जिंतूरला नेऊन रक्त तपासलं. रिपोर्ट आला, साखर नॉर्मल. मी लॅबवाल्यालाच सुनावलं. "तुमचं मशीन तपासून घ्या आधी! म्हाताऱ्या माणसाच्या हाताला मुंग्या यायलेत आणि म्हणे नॉर्मल!" तो बिचारा म्हणाला, पुन्हा तपासतो. दुसऱ्यांदाही तेच आलं. मी म्हटलं, मशीनच खराब आहे, दोनदा तपासून काय होणार? साखर बंदच ठेवली.

बायको म्हणाली, "अहो, माय काय म्हणायलेत ते जरा नीट ऐका. नुसतं उतरतानाच होतंय म्हणतेत."

"मी इथं गळतीनं हैराण झालोय आणि तुमचं दोघींचं काय चाललंय?" असं मी तिच्यावरच खेकसलो. तरी मनात पाल चुकचुकली म्हणून टेस्टर घेऊन ट्रेलरच्या दांडीला लावला. दाराजवळ उतरताना धरायला लोखंडी दांडी आहे, ती. टेस्टरचा दिवा पेटला नाही. मी स्वतः दांडी घट्ट धरून उभा राहिलो. काही नाही. "बघ," म्हटलं, "करंट बिरंट काही नाही. खामखा वहीम नको." बायको आत निघून गेली.

दसरा बारा दिवसांवर आला तेव्हा मी ठरवलं, आता ही गळती शास्त्रशुद्ध पद्धतीनंच धरायची. खडू घेतले. तीस वर्षं ज्यांनी घर चालवलं, ते खडू. कुटून त्यांची पूड केली आणि ट्रेलरच्या आतून प्रत्येक सांध्यावर, प्रत्येक कोपऱ्यावर चोळली. खडू ओला झाला की लगेच काळपटतो. मग बायकोला नळी धरून टपाच्या एकेका भागावर पाणी सोडायला लावलं आणि मी आत डोळे लावून बसलो. खिडकी कोरडी. दार कोरडं. बायकोनं मागच्या कोपऱ्यावर पाणी सोडलं मात्र, बटणांच्या बोर्डाखाली खडूची पट्टी काळी पडायला लागली. वर बघितलं. वायर जिथून आत घेतली, तेच भोक! पाणी टपावर पडत होतं, वायर धरून भोकातून आत येत होतं आणि भिंतीच्या पोटातून उतरून थेट मायच्या उशाला निघत होतं. वायर आत घेताना भोकाबाहेर तिला खाली जरा झोळ दिला, की पाणी त्या झोळावरून ठिबकून जातं. सातवीतल्या पोराला कळावी अशी गोष्ट!

मी ओरडलो, पण या वेळी आनंदानं. "सापडलं! उंदरं खातेत म्हणे! आणू का आता त्याला कान धरून?"

त्याच तोऱ्यात मी खाली उतरलो. अंगणात नळीच्या पाण्यानं चिखल झालेला. आमची काळी माती ओली झाली की पाय धरून ठेवते. पाय उचलला तर चप्पल चिखलातच राहिली आणि उघडा पाय चिखलात पडला. तोल सावरायला मी दांडी धरली.

हाताला मुंग्या आल्या.

मी हात सोडला. पुन्हा धरला. पुन्हा मुंग्या, कोपरापर्यंत. दुसरी चप्पल काढली, परत धरली. आता जास्त. मी तिथंच उभा राहिलो. आतापर्यंत जेव्हा जेव्हा मी दांडी धरली, तेव्हा माझ्या पायात रबरी चप्पल होती. मायनं जन्मात अंगणात चप्पल घातलेली नाही.

आत जाऊन मीटर आणलं. एक टोक दांडीला, एक ओल्या जमिनीत. अडतीस, चाळीस व्होल्ट. टेस्टरचा दिवा एवढ्याला पेटत नाही, हे मीच पोरांना शिकवलंय. बायकोनं नळी बंद केली आणि माझ्याकडं बघितलं.

वायरमनला बोलावून घेतलं. बोर्ड उघडला. विजेला जायला एक वायर लागते आणि परत यायला एक. यानं जायची वायर दिली होती आणि परतीची वायर पंख्यापर्यंत नेलीच नव्हती. ती सरळ ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याला बांधून टाकली होती. ट्रॅक्टरच्या बारा व्होल्टला ते चालतं, तिथं सांगाडाच परतीची वायर असतो. पण ही घरची लाईट! गावाकडं परतीच्या वायरीतही तीस-चाळीस व्होल्ट उरतात, तेच दांडीत उतरले होते. आणि वर पिन दोन काड्यांची, कशीही बसणारी. कुणी ती उलटी खोचली असती, तर अख्ख्या ट्रेलरच्या अंगात दोनशेतीस व्होल्ट आले असते, आणि माझी माय अनवाणी, ओल्या मातीत, दांडी धरून उतरत होती. रोज.

"माणूस मेला असता रे!" माझा आवाज चिरकला. "कुणी शिकवलं तुला हे?"

तो घाबरला होता. तरी जे होतं ते बोलला. "सर, तुमीच की. आठवीत तुमी शाळंच्या पटांगणात ट्रॅक्टर आणून दाखवलं हुतं. तुमी म्हनला, बॉडी म्हंजी निगेटिव्ह, दुसरी वायर लागत न्हाई. त्यामुळंच तर मी या धंद्यात आलो, सर."

मी बोर्डाच्या पत्र्यावर हात आपटला. कुणावरच्या रागानं, ते मला सांगता येणार नाही. तो तास मला लख्ख आठवत होता. किती रंगला होता! बारा व्होल्टला, एवढे दोन शब्द मी म्हणालो होतो की नाही, ते काही केल्या आठवेना.

दोन दिवस आम्ही दोघांनी मिळून सगळं उपसलं. परतीची वायर वेगळी, अर्थिंगची वेगळी, जमिनीत ठोकायला सळई, तीन काड्यांची पिन आणि कुठं जरा करंट गळला की लाईट तोडणारा ब्रेकर. वायर खालून घेतली, लोखंडी पाइपातून, म्हणजे उंदरांचाही बंदोबस्त झाला. टपावरचं भोक बुजवलं. सिलिकॉननंच. तो माझ्याकडं न बघता नळी दाबत होता.

मग अंगणात पाणी ओतून चिखल केला, चप्पल काढली आणि दांडी धरली. पाच वेळा. मग मायला बोलावलं. ती आत चढली, वळली आणि नेहमीसारखी अनवाणी उतरली. उतरल्यावर हात झटकायला उचलला आणि तसाच थांबवला. तळवा उलटसुलट करून बघितला.

"मुंग्या?" मी विचारलं.

"न्हाईत."

मी तिला सगळं सांगितलं. शुगर नव्हती, करंट होता. तो मी बघायला पाहिजे होता, मला त्यातलं कळतं, तेच माझं काम होतं. माझं चुकलं, असंही म्हणालो. तोंडातून निघता निघेना, पण म्हणालो.

तिनं पलंगाच्या उशाखालून लुगड्याची घडी काढली, भिजलेला कोपरा वाळला का ते चाचपलं आणि परत ठेवली. मग म्हणाली, "रोज सांगायले हुते की रे मी तुला. ऐकलं का न्हाईस?"

मी जमिनीतल्या सळईची तार उगाच ओढून बघितली.

"तू वरडायला हुतास," ती म्हणाली. रागानं नाही, पाऊस पडायलाय म्हणावं तसं. "लय वरडलास की मला वाटायचं, आता नागपूरला जायचं रद्द करतोस का काय. मंग मी गप बसायचे. पदरानं दांडी धरून उतरायचे."

वायरमन खाली बघून पक्कड पुसत होता. बायको दारात उभी होती.

"जा, चा कर," माय म्हणाली. "गोड कर."

मी आत गेलो. पातेल्यात तीन चमचे साखर टाकली, मग अजून एक टाकली. बाहेर ती वायरमनला विचारत होती, दसऱ्याला तू येतोस का, जीपमध्ये एक जागा हाय.