सार्फोचे तारे

घानातल्या कुमासीत शनिवारी कुणी घरी सापडत नाही. जो तो कुणाच्या तरी अंत्यविधीला गेलेला असतो. मंडप कुठे आणि नेसायचं काय, हे सांगणारं ॲप सार्फोनं एकट्यानं लिहिलं. पिकल्या वयात कुणी गेलं तर पांढरं, अकाली गेलं तर लाल-काळं. रंग चुकला की सोयरे जन्मभर ऐकवतात, म्हणून सार्फो घरच्यांना फोन करून रंग पक्का करी.

ॲपच्या बाजारवाल्यांनी ते आधी नाकारलंच: मृत्यूचा मजकूर लोकांना त्रासदायक! सार्फोनं ते 'समारंभ आणि करमणूक' या सदरात टाकलं, लगेच मंजूर. मंडपातली गाणी आणि जेवणावळी बघता ते फारसं खोटंही नव्हतं.

मग तशाच नावाचं, तशाच चित्राचं दुसरं ॲप उगवलं. करणाऱ्या महाशयांनी कुमासी नकाशातही पाहिली नसावी. त्यांनी सरसकट सगळ्यांना पांढरं नेसवलं. पण त्यांची जाहिरात होती, त्यामुळे शोधलं की तेच वर. सार्फोनं तक्रार केली. उत्तर आलं, 'ग्राहकाला निवडीचं स्वातंत्र्य आहे.'

ते स्वातंत्र्य त्याच्या आफ्रिये मावशीनं नव्या फोनवर वापरलं. रविवारी चर्चमधून ती तडक त्याच्या दारात.

"अरे मेल्या, तिशीतला पोरगा गेला आणि मी पांढरंशुभ्र नेसून गेले! त्याच्या आईनं तोंड फिरवलं मला बघून!"

"मावशी, हे माझं नाहीच. दुसऱ्याचं आहे."

"सगळ्यात वर होतं! माझ्या भाच्याचं नाही तर कुणाचं असणार?"

"खाली होतं माझं."

मावशी जरा वरमली. "अगं बाई! मी तर चर्चच्या मंडळातल्या सगळ्या बायकांना तुला एकेकच तारा द्यायला लावला."

बायकांकडे जुनं, खरं ॲप होतं. त्यांनी चोख काम केलं होतं. आठवड्यात बाजारवाल्यांनी 'ग्राहकांच्या असमाधानामुळे' सार्फोचं ॲप काढून टाकलं. तो खरंच रडला.

"रडू नकोस रे राजा," मावशी म्हणाली. "माझी चूक, मीच निस्तरते."

तिनं पुन्हा बायका जमवल्या. सगळ्यांनी बाजारात शोधलं, जे एकच सापडलं त्याला पाच-पाच तारे दिले आणि खाली मनापासून लिहिलं, 'आमच्या सार्फोचं ॲप. देव त्याचं भलं करो.'